सही जुळत नाही

मरोळ गावठाणात, क्रूसाच्या समोर,
खाली शिलाई मशिनं दुरुस्त करणारा,
वर लव्हिना गोन्साल्विस.
पाटीवर 'करिअर कोच', आणि त्याखाली
बारीक अक्षरात: चपला जिन्यात काढणे.

पाच बैठकांचे पैसे मेव्हणीने भरले.
म्हणाली, भावजी, घरी बसून बसून तुम्ही
दूधवाल्याच्या हिशोबात चुका काढायला लागलात.
चुका होत्या. पण ते असो.

पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं,
पाच वर्षांनी स्वतःला कुठे पाहता?
मी म्हटलं, एकोणपन्नासाव्यात.
त्या हसल्या नाहीत, लिहून घेतलं.
मग एक फॉर्म. स्वप्नांसाठी चार ओळी आखलेल्या,
उणिवांसाठी दोन.
माझ्या उणिवा स्वप्नांच्या जागेत शिरल्या.
खाली सही केली.

काय करायचात?
बँकेत होतो. बावीस वर्षं.
चेकवरची सही कार्डावरच्या सहीशी ताडायची.
आता ते मशीन करतं,
आणि आमची बँकही दुसऱ्या बँकेत विरघळली
चहातल्या बिस्किटासारखी.

म्हणजे नक्की काय बघायचात?

हे कुणी विचारलं नव्हतं.
साहेबांनी नाही, युनियनने नाही,
बायकोने तर नाहीच; तिच्या लेखी मी 'क्लिअरिंगला' असायचो,
जसा कुणी परळला असतो.

मग मी बोललो.
की खोटी सही खरीपेक्षा नीट असते.
खऱ्या माणसाला घाई असते, खोट्याला काळजी;
तो पेन उचलतो तिथे खरा उचलत नाही.
की ठाकूरद्वारच्या दमयंती कोठाऱ्यांचा 'को'
नवरा गेल्यावर महिनाभर ओळीखाली उतरला होता,
नियमाने परत पाठवायला हवा होता तो चेक,
मी फोन लावला.
की प्रेमजी वोरांचा हात थरथरतोय
हे त्यांच्या मुलांच्या आधी मला ठाऊक होतं
आणि मी कुणाला सांगितलं नाही.

खाली मशीनवाला रिकाम्या चिंधीवर टाके घालून बघत होता.
बाईंनी काहीच लिहिलं नाही.

तिसऱ्या बैठकीत म्हणाल्या, हस्ताक्षर तपासनीस.
कोर्टाची कामं असतात. कोर्स आहे, फी आहे, वय चालतं.
बघतो, म्हटलं.
'बघतो' म्हणजे काय हे त्यांना माहीत असणार,
कारण त्यांनी चहा मागवला.
मी चिडून विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं हे करायला?
म्हणाल्या, अकरा वर्षं मी दात बनवत होते.
सीप्झच्या मागे लॅब होती. कवळ्या.
तोंड एकही पाहिलं नाही, नुसते साचे यायचे.
एक दिवस वाटलं,
ह्यातलं एखादं बोलताना ऐकावं.

चौथ्या बैठकीला तोच फॉर्म पुन्हा.
जुना आणि नवा त्यांनी शेजारी ठेवला,
उत्तरं किती बदलली ते बघायला.
माझी नजर खाली गेली. सवय.
जुन्यावर माझी बँकेतली सही,
हजेरीबुकात हजारो वेळा झालेली, न बघता केलेली.
नव्यावर पेन 'भा'पाशी थांबलंय, उचललंय, परत टेकलंय,
आणि रफार 'ग' सोडून 'व'वर जाऊन बसलाय.

बाईंना म्हटलं, हा माणूस माझ्या काउंटरला आला असता
तर मी शेरा मारला असता: सही जुळत नाही.
त्यांनी चष्मा डोक्यावर चढवला.
मग, त्या म्हणाल्या, फोन कुणाला लावणार?

पाचवी बैठक अजून शिल्लक आहे.
कोर्सचा अर्ज दुमडून खिशात ठेवलाय,
मेव्हणीला काही बोललेलो नाही.
शेवटच्या पानावर नमुन्याच्या तीन सह्या मागितल्यात,
तिन्ही एकसारख्या हव्यात
असं छापलंय.